नव्या खेळाडूंची पहिली पात्रे: आज काय ठरवावे आणि काय खुले ठेवावे

वीसमुखी (धागालेखक)

नमस्कार. आमच्या गटात लवकरच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकेका पात्राच्या भूमिकेतून खेळायच्या खेळाची, नवी मोहीम (अनेक बैठकी चालणारी कथा) सुरू होत आहे. पाच खेळाडूंपैकी चौघांनी असा खेळ आजवर एकदाही खेळलेला नाही आणि डीएमची (डंजन मास्टर, म्हणजे कथा चालवणारा आणि नियम सांभाळणारा) जबाबदारी माझ्याकडे आहे. नियम २०२४च्या आवृत्तीचे वापरणार आहोत. पहिल्या बैठकीत पात्रे कशी घडवून घ्यावीत याविषयीचा माझा विचार इथे सविस्तर मांडतो. अनुभवी डीएमनी आणि विशेषतः अलीकडेच खेळू लागलेल्यांनी त्यावर आपले मत द्यावे, ही विनंती.

माझे म्हणणे असे, की नव्या खेळाडूने कोणते निर्णय आज घ्यावेत आणि कोणते खेळता खेळता घ्यावेत, याची वाटणी डीएमने आधीच करून ठेवली पाहिजे. या आवृत्तीच्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात १२ क्लास (पात्राचा पेशा), १० वंश आणि १६ बॅकग्राउंड (पात्राचे पूर्वीचे काम) आहेत. नुसत्या या तीन गोष्टींच्या जुळण्या केल्या तरी १,९२० होतात, आणि कौशल्ये, शस्त्रे व स्पेल (जादूचे मंत्र) यांची निवड वेगळीच. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा फायटिंग मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक असे तीनच क्लास होते. ताकद, चपळाई, बुद्धी अशा सहा गुणांपैकी प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे आणि येतील ते आकडे त्याच क्रमाने लिहून घ्यायचे, अशी पद्धत होती. तेव्हाच्या खेळाडूला फारसे काही निवडावेच लागत नसे. आज मिळणारे स्वातंत्र्य मला मनापासून आवडते. परंतु ज्याला सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) म्हणजे काय हेही माहीत नाही, त्याच्यापुढे ते सगळे एकदम मांडले, तर तो स्वतः काही निवडत नाही, शेजाऱ्याला विचारून रकाने भरतो, आणि पुढे ते पात्र त्याला आपले वाटत नाही.

म्हणून पुस्तक उघडण्याआधी मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: अचानक संकट आले, तर तुमचे पात्र सर्वांत आधी काय करील? पुढे सरसावेल, आडोसा शोधेल, बोलून वेळ काढील, की जखमी माणसाकडे धावेल? या उत्तरातून क्लास साधारण कळतो. त्यानंतर ते पात्र या गावात कसे आले हे विचारले, की बॅकग्राउंड मिळते. समजा एखादी खेळाडू म्हणाली, "मी बंदरावरच्या कोठारात हिशेबनीस होते, मालकाची चोरी माझ्या लक्षात आली आणि मला रातोरात पळावे लागले, मारामारी सुरू झाली तर मी आधी दिवा विझवीन." एवढ्यावरून डीएमला जवळजवळ सगळे मिळते. ही 'रोग' (Rogue, लपूनछपून काम करणाऱ्यांचा क्लास) आहे आणि तिची बॅकग्राउंड स्क्राइबची (लेखनिकाची) आहे. ठरलेले सहा आकडे १५, १४, १३, १२, १०, ८ असे आहेत. त्यांतले डेक्स्टेरिटीला (चपळाई) १५, कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा) १४, इंटेलिजन्सला (बुद्धी) १३, विझडमला (समज) १२, करिष्माला (छाप) १० आणि स्ट्रेंग्थला (ताकद) ८ द्यावेत. स्क्राइबमुळे मिळणारी वाढ डेक्स्टेरिटीला दोन आणि इंटेलिजन्सला एक अशी घेतली, की ते गुण १७ आणि १४ होतात. १३ला एक मिळवल्याने बोनस (फाशाच्या आकड्यात मिळवायची भर) +१चा +२ होतो, तोच एक गुण १४ किंवा १२मध्ये मिळवला असता तर बोनसमध्ये काहीच फरक पडला नसता. हे गणित डीएमने करावे आणि का केले ते दोन वाक्यांत सांगावे. खेळाडूने त्या क्षणी फक्त आपल्या हिशेबनिसाचा विचार करावा.

आज लिहायचे ते एवढेच: नाव, क्लास, वंश, बॅकग्राउंड, सहा आकडे, हिट पॉइंट (किती इजा सोसता येते), आर्मर क्लास (वार लागणे किती कठीण), एक शस्त्र आणि दोन-तीन कौशल्ये. स्क्राइबला 'स्किल्ड' हे फीट (खास कसब) मिळते आणि त्यातून आणखी तीन प्राविण्ये निवडता येतात. ती मी मुद्दाम रिकामी ठेवू देतो. खेळात कुलपाशी किंवा गलबतावर प्रसंग आला आणि खेळाडूला वाटले, की हे माझ्या पात्राला येत असणार, की तिथेच लिहून घ्यावे. नियमपुस्तकात अशी सोय नाही, हा आमच्या गटाचा प्रघात आहे.

नकाशाकार

धागा महत्त्वाचा आहे आणि तुमची प्रश्न विचारण्याची पद्धत मला पटते, पण मूळ गृहीतकाशी मी असहमत आहे. ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही, त्याने पहिल्या बैठकीत पात्र घडवूच नये असे माझे ठाम मत आहे. संकटात माझे पात्र काय करील, या प्रश्नाला नवखा माणूस चित्रपट आणि व्हिडिओ गेम आठवून उत्तर देतो. टेबलावर बसल्यावर आपल्याला नेमके काय करायला आवडेल, याची त्याला कल्पना नसते आणि ती असावी अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. पुढे सरसावेन म्हणणारे कितीतरी जण प्रत्यक्षात पहारेकऱ्याशी गप्पा मारण्यात रमतात.

२०१४च्या आवृत्तीबरोबर जो नवख्यांसाठीचा संच निघाला, त्यात पाच तयार पात्रे दिली होती: दोन फायटर, एक क्लेरिक, एक रोग आणि एक विझर्ड. ती निवड विचारपूर्वक केलेली होती, कारण लढणे, बरे करणे, लपणे आणि जादू करणे ही खेळाची चारही मुख्य अंगे त्यांतून दिसतात. एक संध्याकाळ अशा तयार पात्रांनी छोटे साहस खेळावे, त्याचा मोहिमेशी काही संबंध ठेवू नये, आणि मग सर्वांनी आपापली पात्रे घडवावीत. कोणता आकडा कशासाठी लागतो हे एकदा हाताने अनुभवले, की पात्र घडवताना करावे लागणारे निम्मे स्पष्टीकरण वाचते.

दक्षिणवारा

मी गेल्या वर्षीच खेळू लागले, त्यामुळे नव्या खेळाडूच्या बाजूने लिहिते. नकाशाकार म्हणतात तसे तयार पात्र घेऊन मी पहिल्यांदा बसले होते. त्या पात्राच्या मागच्या पानावर दोन परिच्छेद त्याचा पूर्वेतिहास छापलेला होता, आणि माझी सगळी संध्याकाळ आपण काही चुकीचे तर बोलत नाही ना, या काळजीत गेली. आकडे तयार होते याचा मला काहीच त्रास झाला नाही, उलट मदतच झाली. दुसऱ्याने लिहिलेला स्वभाव मात्र अंगावर बसत नव्हता.

माझ्या मते आकडे, शस्त्रे आणि क्लास तयार असलेल्या, पण नाव, पूर्वायुष्य आणि स्वभाव पूर्ण कोरा असलेल्या सात-आठ शीट (पात्राची माहिती लिहायचे कागद) डीएमने टेबलावर ठेवाव्यात. शीटच्या माथ्यावर त्या पात्राला काय चांगले जमते हे एका वाक्यात साध्या मराठीत लिहावे, उदाहरणार्थ, "तुम्ही सर्वांच्या पुढे उभे राहता आणि मागच्यांना वार लागू देत नाही." मी ते वाक्य वाचून सहज निवडले असते. 'पॅलाडिन' या नावावरून मला काहीच कळले नव्हते.

काटेकोर

वरच्या तिन्ही मतांत स्पेलचा प्रश्न राहून गेला आहे. नव्या खेळाडूंच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

अनेक डीएम नवख्याला जादूचा क्लास घेऊच देत नाहीत आणि "आधी फायटर खेळ" असे सांगतात. हा सल्ला सरसकट देऊ नये. ज्याला जादूगारच व्हायचे आहे, त्याच्या हातात तलवार दिली तर तो तिसऱ्या बैठकीला येत नाही. अडचण कुठे आहे ते नीट पाहिले, तर ती सर्व जादूच्या क्लासांत सारखी नाही. पहिल्या लेव्हलच्या (प्रगतीच्या पायरीच्या) विझर्डला तीन कॅन्ट्रिप (कितीही वेळा वापरता येणारे छोटे स्पेल) निवडायचे असतात, स्पेलबुकात सहा स्पेल लिहायचे असतात आणि त्यांतले चार तयार ठेवायचे असतात. स्पेल स्लॉट मात्र दोनच असतात. म्हणजे दोन वेळा वापरायच्या गोष्टीसाठी त्याला संपूर्ण यादी वाचावी लागते, आणि पुस्तकात लिहिलेले सहा स्पेल सहजासहजी बदलताही येत नाहीत. क्लेरिक आणि ड्रुइड यांची यादीही लांब असली, तरी रात्रभराच्या विश्रांतीनंतर ते पूर्ण यादीतून नव्याने निवडू शकतात, त्यामुळे आजची निवड चुकली तर पात्राच्या दुसऱ्या दिवशी ती सुधारते. वॉरलॉकचे ओझे सर्वांत हलके असते: दोन कॅन्ट्रिप, दोन स्पेल आणि एकच स्लॉट, जो तासाभराच्या छोट्या विश्रांतीनंतर परत मिळतो. इन्व्होकेशन नावाची एक जादा निवड त्याला करावी लागते, पण तिथे डीएमने एखादी सुचवली तर प्रश्न सुटतो.

तेव्हा जादूची ओढ असलेल्या नवख्याला मी आधी वॉरलॉक दाखवतो. विझर्डच हवा असेल, तर सहा स्पेल मी निवडून देतो आणि पहिल्या तीन बैठकींनंतर ते एकदा विनाअट बदलण्याची मुभा देतो. प्रत्येक स्पेलसाठी पोस्टकार्डाएवढा एक कागद करावा आणि त्यावर पल्ला, परिणाम आणि कोणता फासा टाकायचा एवढेच लिहावे. पुस्तकातील पूर्ण मजकूर डीएमजवळ असतोच.

वीसमुखी (धागालेखक)

काटेकोर, क्लेरिक आणि विझर्ड यांच्यातील हा भेद मी आजवर इतका स्पष्ट मांडलेला वाचला नव्हता. निवड चुकण्याची किंमत किती, या मापाने क्लास सुचवणे हे 'सोपा क्लास' आणि 'अवघड क्लास' या नेहमीच्या विभागणीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

नकाशाकार, स्वतंत्र संध्याकाळीचा तुमचा मुद्दा तत्त्वतः योग्य आहे. आमच्या गटात मात्र नोकरी आणि घर सांभाळून पाच जणांचा एक रविवार जुळवणे कठीण जाते, आणि ज्या साहसाचा मोहिमेशी संबंध नाही त्यासाठी तो रविवार खर्च करायला लोक तयार होत नाहीत. दक्षिणवारा यांनी सुचवलेली अर्धी भरलेली शीट मला त्यावरचा उत्तम तोडगा वाटते. तुमचा पहिला अनुभव इतक्या मोकळेपणाने लिहिलात, त्याबद्दल आभार.

गोष्टवेल्हाळ

पूर्वायुष्याविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे. नवे खेळाडू दोन टोकांना असतात. काहींना एक ओळही सुचत नाही, आणि काही जण आधीच्या आठवड्यात घरी बसून पाच-सहा पाने लिहून आणतात. दुसऱ्या प्रकारच्या उत्साहाचे मला कौतुकच वाटते, पण त्या पानांतले पात्र बहुतेक वेळा अनाथ, एकलकोंडे आणि कोणावरही विश्वास न ठेवणारे असते, आणि त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या घटना मोहीम सुरू होण्याआधीच घडून गेलेल्या असतात. मग टेबलावर करायला काही उरत नाही. पहिल्या लेव्हलच्या पात्राने अजून ड्रॅगन मारलेला नसावा. त्याला काहीतरी हवे असावे, आणि ते एकट्याने मिळण्यासारखे नसावे.

यावर 'फेट' या खेळातील पद्धत मला सर्वांत परिणामकारक वाटते. त्यात पात्रे एकत्र बसूनच घडवायची असतात. प्रत्येक जण आपल्या पात्राचे एखादे जुने साहस दोन-तीन वाक्यांत लिहितो, मग ते कागद फिरतात आणि इतर खेळाडू त्या साहसात आपल्या पात्राने काय केले ते त्यावर लिहितात. पहिला प्रसंग सुरू होण्याआधीच कोणी कोणाचा जीव वाचवलेला असतो, कोणी कोणाचे पैसे बुडवलेले असतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये हे करायला कोणताही नियम आड येत नाही. वीसमुखींच्या उदाहरणातील हिशेबनीस पळाली, तेव्हा तिला होडीतून पलीकडे कोणी नेले? शेजारी बसलेल्या खेळाडूने "मी" म्हणावे, आणि त्याच्या पात्राला तिने त्याचे भाडे अजून दिलेले नसावे. पाच पानांतून जे साधत नाही, ते अशा एका प्रश्नाने साधते.

'ट्रॅव्हलर' या १९७७ सालच्या अंतराळातील खेळात तर पात्राची आधीची सगळी नोकरी फाशांवर खेळून काढावी लागत असे, आणि मूळ नियमांनुसार मोहीम सुरू होण्याआधीच पात्र मरूही शकत असे. नवख्यांवर हा प्रयोग करू नये, हे उघड आहे. तरीही पूर्वायुष्य हा टेबलावर, सर्वांच्या देखत घडण्याचा भाग आहे, ही त्यामागची दृष्टी मला मोलाची वाटते.

षट्कोन

एक साधा प्रश्न आहे. ठरलेले सहा आकडे द्यावेत असे वर म्हटले आहे, पण फासे टाकून गुण काढण्यात जी मजा आहे, ती नव्या खेळाडूंकडून काढून घेणे योग्य आहे का?

वीसमुखी (धागालेखक)

चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडायचा, या पद्धतीत एका गुणाची सरासरी सुमारे १२.२४ येते आणि ठरलेल्या सहा आकड्यांची सरासरी बरोबर १२ आहे. म्हणजे सरासरीने फारसे काही हातचे जात नाही. प्रश्न तफावतीचा आहे. एकाला १८ आणि १६ मिळतात, दुसऱ्याचा सर्वांत मोठा आकडा १३ असतो, आणि हे दोघे पुढचे कित्येक महिने शेजारी बसून खेळणार असतात. अनुभवी खेळाडू अशा दुबळ्या पात्रातही रस शोधतो. नवख्याला मात्र फासा वारंवार चुकतो याचे कारण आकड्यांत आहे हे कळत नाही, आपल्यालाच खेळता येत नाही असे त्याला वाटू लागते. ज्यांना थोडी मोकळीक हवी असेल, त्यांच्यासाठी ठरलेल्या तक्त्यानुसार २७ पॉइंट खर्चून आकडे घेण्याची पद्धत आहेच. ठरलेल्या आकड्यांची किंमतही त्या तक्त्यानुसार नेमकी २७ भरते, त्यामुळे एकाच टेबलावर दोन्ही पद्धती चालल्या तरी कोणावर अन्याय होत नाही. फाशांची मजा हवी असेल, तर पात्राजवळची एखादी किरकोळ वस्तू किंवा त्याची एखादी सवय फाशावर ठरवावी.

काटेकोर

याला जोडून एक सूचना. पहिले पात्र ॲपवर घडवू नये. ॲप सर्व बेरजा अचूक करते, पण पर्यायांची पूर्ण यादी समोर आणते आणि आकडा कुठून आला हे लपवते. हल्ल्याच्या पुढे +५ का लिहिले आहे, असे विचारले तर खेळाडूला सांगता आले पाहिजे, की डेक्स्टेरिटीचे तीन आणि प्रोफिशियन्सीचे (प्रावीण्याचे) दोन. कागदावर पेन्सिलीने एकदा ही बेरीज केली, की पुढे गुण वाढल्यावर काय काय बदलेल ते तो स्वतः सांगू शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलनंतर ॲपवर जायला हरकत नाही. पुस्तक विकत न घेताही सुरुवात करता येते, कारण मूळ नियमांचा संदर्भग्रंथ प्रकाशकांनी २०२३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला आहे आणि २०२४च्या नियमांवर आधारित त्याची पुढची आवृत्तीही त्याच परवान्याखाली आली आहे.

शांतवाचक

पात्राचे आकडे ठरण्याआधी टेबलाच्या मर्यादा ठरल्या पाहिजेत, असे मला वाटते, आणि या चर्चेत त्याचा उल्लेख अजून आलेला नाही. सेशन झिरोमध्ये (खेळ सुरू होण्याआधीच्या तयारीच्या बैठकीत) कोणते विषय खेळात अजिबात नकोत आणि कोणते फक्त सूचित करून पुढे जायचे, हे सर्वांना विचारावे. जॉन स्टावरोपोलॉस यांनी मांडलेली एक्स-कार्डाची पद्धत त्यासाठी सोपी आहे: टेबलाच्या मध्यभागी एक कार्ड ठेवायचे, कोणीही ते उचलले किंवा त्यावर बोट ठेवले की चालू असलेला भाग वगळून पुढे जायचे, आणि कारण विचारायचे नाही.

आपल्याकडे याची गरज थोड्या वेगळ्या कारणानेही असते. आपले गट पुष्कळदा एकाच कार्यालयातील किंवा एकाच कुटुंबातील लोकांचे असतात. टेबलावर आपले वरिष्ठ किंवा मोठे दीर बसलेले असतील, तर नव्या खेळाडूला "हे मला नको" असे तोंडाने म्हणणे कठीण जाते. त्याचा परिणाम थेट पात्रनिर्मितीवर होतो. वयाने मोठा माणूस "आपल्याला बरे करणारे कोणी नाही, तू क्लेरिक घे" असे म्हणतो आणि लहान माणूस मुकाट्याने तो घेतो. म्हणून प्रत्येकाला काय खेळायचे आहे, हे डीएमने बैठकीआधी एकेकाला वेगळे विचारून ठेवावे आणि टेबलावर त्याची बाजू घ्यावी. बरे करणारे कोणीच नसेल, तर डीएमने गटाला औषधी काढ्याच्या चार कुप्या जास्त द्याव्यात. तेवढ्याने मोहीम अडत नाही.

दक्षिणवारा

शांतवाचक यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मला स्वतःला क्लेरिक असाच मिळाला होता.

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. शीट इंग्रजीत असते, पण पात्राने मराठीत बोलायला काहीच हरकत नाही, हे डीएमने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे आणि स्वतः तसे बोलून दाखवावे. आमच्या टेबलावर सराईत खेळाडू इंग्रजीत संवाद म्हणत होते, आणि मला तसे चटकन बोलता येत नसल्यामुळे मी "माझे पात्र त्याला नाही म्हणते" एवढेच सांगून थांबत असे. पुढे एका सरायवाल्याच्या तोंडी डीएमने मालवणी घातली, तेव्हा मीही माझ्या पात्राला बोलते केले.

नकाशाकार

चर्चा वाचून माझे मत थोडे बदलले आहे. स्वतंत्र संध्याकाळ शक्य नसेल, तर पात्रनिर्मितीच्याच बैठकीत, शीट अर्धी भरली असताना एक छोटा प्रसंग खेळून पाहावा. सेशन झिरो संपताना बंदरावर आग लागली आहे असे सांगावे आणि प्रत्येकाला एकेक कृती करू द्यावी. कोणाला काय करावेसे वाटते ते तिथे दिसते, आणि उरलेली कौशल्ये त्यावरून भरता येतात. मात्र पात्र बदलण्याची मुभा किती काळ द्यायची, हे वीसमुखींनी नेमके ठरवावे, नाहीतर मोहिमेच्या मध्यावर कोणीतरी क्लास बदलून मागते.

वीसमुखी (धागालेखक)

बंदरावरची आग मी नक्की घेणार आहे, धन्यवाद.

मुदतीविषयी असे ठरवतो. तिसऱ्या लेव्हलपर्यंत कोणीही नाव आणि नातेसंबंध सोडून बाकी काहीही बदलू शकेल, अगदी क्लाससुद्धा, आणि त्यासाठी कथेत कारण देण्याची सक्ती नसेल. तिसरी लेव्हल निवडण्याचे कारण असे, की २०२४च्या नियमांत सर्वच क्लासांची उपशाखा तिथे निवडायची असते, आणि तो खरा दीर्घकाळाचा निर्णय आहे. अनुभवाच्या गुणांनी मोजले तर दुसरी लेव्हल ३०० आणि तिसरी ९०० गुणांना येते, त्यामुळे पहिल्या काही बैठकींतच आपण तिथे पोहोचू. नाते न बदलण्याची अट गोष्टवेल्हाळ यांच्या मुद्द्यामुळे घातली आहे. हिशेबनीस 'रोग'ऐवजी बार्ड (गाणारा-कथा सांगणारा क्लास) झाली तरी होडीवाल्याचे देणे तिला चुकवावेच लागेल, कारण त्या देण्यात दुसऱ्या खेळाडूचाही वाटा आहे.

आठ अर्ध्या भरलेल्या शीट तयार करायला घेतो आहे. प्रत्येक शीटच्या माथ्यावरचे साध्या मराठीतील वाक्य मी इथेच लिहीन. दक्षिणवारा, ती वाक्ये तुम्ही एकदा वाचून कोणते कळत नाही ते सांगितलेत, तर फार मदत होईल.